पन्नाशीतले प्रथमोपचार

हट्ट्यात माणूस पन्नाशीला टेकला की त्याला दुसरा धंदा सुचायला लागतो. पहिल्यानं तो विम्याचे फॉर्म घेऊन फिरतो. सोयरेधायरे संपले की विमाही संपतो. मग प्लॉटिंग. कुणाच्या तरी एकरभर मुरमाड तुकड्यात चुन्याच्या रेघा ओढायच्या, कमानीला ‘नगर’ लावलेलं नाव द्यायचं आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बाभळीखाली बसायचं. तेही साधलं नाही तर तो माळ घालतो आणि सप्त्यात पुढच्या रांगेत बसू लागतो. अगदीच काही उरलं नाही तर ग्रामपंचायतीला उभा राहतो. या सगळ्या धंद्यांत एक गोष्ट समान आहे. कुठंच पळावं लागत नाही.

म्हणून आमच्या फाट्यावरच्या टेलरनं वयाच्या बावन्नाव्या वर्षी जाहीर केलं की आपण आता रस्त्यावरच्या अपघातातली माणसं उचलणार, तेव्हा पहिली प्रतिक्रिया त्याच्या बायकोची आली. ती म्हणाली, “सकाळी उठायला तुम्हाला दोन माणसं लागतात. तुम्ही कुणाला उचलूलालाव?”

पण टेलरचा नाइलाज होता. रेडिमेडनं त्याचा धंदा कधीच बसवला होता. आता दुकानात येतात ते पँटची लांबी कमी करायला आणि दिवाळीत वाढलेलं पोट दसऱ्याच्या शर्टात बसवायला. बाकी वेळ तो मशीनवर हात ठेवून रस्ता बघत बसायचा, आणि आमचा रस्ता बघण्यासारखा आहे. परभणीहून वसमतकडं निघालं की झिरो फाटा लागतो. तिथून आमच्या बाजूला वळलं की हट्टा, पुढं जवळा बाजार, औंढा नागनाथ आणि मग हिंगोली. गावात जुनी दगडी बारव आहे, ती बघायला लांबून माणसं येतात. गावातली माणसं मात्र अपघात बघायला जातात. हिवाळ्यात ऊस सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या आणि त्या ट्रॉल्यांमागं नुसता अंधार. ऊस संपत नाही तोच हळद शिजायला लागते, मग वाफेनं भाजलेले हात. पावसाळ्यात साप. लग्नसराईत दुचाकीवर तिघं आणि तिघांच्या मिळून एक हेल्मेट, तेही आरशाला अडकवलेलं. आणि यातलं काहीच नसेल त्या दिवशी जमीन हलते. वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे हे गाव तर जमिनीच्या पोटातून येणाऱ्या आवाजांसाठीच पेपरात येतं. 21 मार्च 2024 ला सकाळी सकाळी 4.5 तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा अख्खा हिंगोली जिल्हा एकदम घराबाहेर आला होता. काही जण दोन दिवस परत आत गेले नाहीत, पण त्यांच्या घरी त्याची वेगळी कारणं होती.

तर महामार्ग पोलिसांची ‘मृत्युंजय दूत’ नावाची एक योजना आहे. 1 मार्च 2021 पासून ती राज्यात सुरू झाली. कल्पना अगदी व्यवहारी आहे. अपघात झाला की पहिल्यांदा पोचतो तो डॉक्टरही नसतो आणि पोलीसही नसतो. पोचतो तो ढाबेवाला, पंक्चरवाला, पेट्रोल पंपावरचा पोऱ्या. मग यांनाच शिकवा. जखमीला धरायचं कसं, उचलायचं कसं, रक्त थांबवायचं कसं, फोन कुणाला करायचा. गळ्यात ओळखपत्र द्या. आमचा टेलर ते प्रशिक्षण घेऊन आला. ओळखपत्र त्यानं आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, मग त्या पिशवीला रेक्झिनचं कव्हर शिवलं.

मी मास्तरकीतून मोकळा झालेला माणूस. मोकळ्या मास्तराला गावात कुठल्याही शिबिराला बसवतात, खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून. असाच एका प्रथमोपचाराच्या वर्गाला टेलरच्या शेजारी बसलो. समोर सतरंजीवर एक अर्धी बाई ठेवली होती. म्हणजे कंबरेपासून वरची, प्लॅस्टिकची. हिच्या छातीवर दाब देऊन शिकायचं. या बाईचा इतिहास मला फार आवडतो. तिला जन्माला घातलं आस्मुंद लार्दाल या नॉर्वेच्या माणसानं, 1960 साली, आणि तो ना डॉक्टर होता ना वैद्य. तो खेळणी बनवायचा. बाहुल्या आणि छोट्या मोटारी. मऊ प्लॅस्टिकचा हात बसलेला होता, त्याच हातानं त्यानं माणूस बनवला. तेव्हापासून सगळं जग बाहुलीच्या छातीवर हात ठेवून जीव वाचवायला शिकतंय. पन्नाशीत धंदा बदलणाऱ्यानं फोटो लावायचाच असेल तर या खेळणीवाल्याचा लावावा.

शिकवणारा पोरगा पंचविशीतला. तो म्हणाला, “छाती पाच ते सहा सेंटिमीटर दबली पाहिजे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा.” आमच्या रांगेत कुणालाच सेंटिमीटर कळेना. जमीन गुंठ्यात, कापूस क्विंटलमध्ये आणि देशी पावशेरात मोजणारी माणसं आम्ही. तेव्हा टेलर उठला, गळ्यातला टेप काढला (तो त्याच्या गळ्यात असतोच, आंघोळीलाही काढत असेल की नाही कुणास ठाऊक) आणि म्हणाला, “दोन इंच. लैच झालं तर सव्वादोन. त्याच्यावर गेलं तर माल खराब होतो.” मग गुडघे टेकून त्यानं दाबायला सुरुवात केली. एकदाही इंच चुकला नाही. तीस वर्षं नुसत्या नजरेनं बगल आणि छाती मोजलेला माणूस, त्याला दोन इंच काय अवघड? ठेका मात्र जमेना. परदेशात म्हणे यासाठी डिस्कोचं एक गाणं मनात म्हणायला सांगतात. आमच्याकडं मागच्या रांगेतला हलगीवाला पुढं आला आणि त्यानं बोटांनी सतरंजीशेजारच्या पत्र्याच्या पेटीवर ठेका धरला. त्यानंतर वर्गातला प्रत्येक जण तालात दाबायला लागला. फक्त दोन जण दाबता दाबता नाचायला लागले, त्यांना बसवावं लागलं.

गुडघ्यांचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. तीस दाब, दोन श्वास, परत तीस. तिसऱ्या फेरीला पेशंट जगला होता आणि आमच्यातले चार जण उठू शकत नव्हते. शिकवणाऱ्या पोरानं आम्हाला आधार देऊन खुर्चीत बसवलं आणि पाणी विचारलं. जखमीला पाणी पाजायचं नाही, हे त्यानंच दहा मिनिटांपूर्वी सांगितलं होतं, पण आम्ही प्यायलो.

त्रिकोणी पट्टी आली तेव्हा टेलर नाराज झाला. हात गळ्यात अडकवायचा तो पांढरा कापडी तुकडा. त्यानं तो उलटसुलट केला, बोटावर दोरे काढून दाखवले आणि म्हणाला, “ह्याला कडा मारलेल्या न्हाईत. हे कापड पेशंटच्या गळ्यात घालायचं?” दुसऱ्या दिवशी पेटीतल्या सगळ्या पट्ट्या दुमडून शिवून आल्या. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की माणूस धंदा बदलतो, धंदा माणसाला बदलू देत नाही.

त्याचं खरं रूप दिसलं ते पहिल्या अपघाताला. मोटारसायकलवरचा एक तरणा गडी खड्डा चुकवायला गेला आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यात जे भेटायचं ते त्याला भेटलं. मांडीला जखम. अशा वेळी कपडा कापून जखम उघडी करायची असते, जोरानं दाबून धरायची असते, हे शिकवलेलं. टेलर कात्री घेऊन पोचला. आणि थांबला. नवी पँट होती, कापड चांगलं होतं. सगळे ओरडायला लागले, “कापा की!” त्यानं एक क्षण पायाकडं बघितलं आणि मग कात्री घातली ती बाजूच्या शिवणीत. टाके उसवत सरळ वरपर्यंत गेला. कापडाला धक्का न लागता पँट उघडली. मग जखमेवर घडी, घडीवर तळहात आणि अंगाचा भार. रक्त थांबलं. गाडी आली. गडी स्ट्रेचरवरून वर जाताना टेलर त्याच्या कानाशी वाकला, तेव्हा आम्हाला वाटलं धीर देतोय. तो सांगत होता, “बरं झाल्यावर पँट घेऊन ये. टीप मारून देतो. पैसे नको.”

आता ती गाडी. 108 ची. महाराष्ट्रात ही सेवा 26 जानेवारी 2014 ला सुरू झाली, 937 गाड्या घेऊन. प्रत्येक गाडीत एक डॉक्टर आणि एक चालक, ज्याला तिथं पायलट म्हणतात. विमानतळ नांदेडला, पण पायलट आमच्या गावागावांत झाले. गंमत अशी की ही सगळी सेवाच मुळात धंदा बदललेल्यांची आहे. ती चालवायला घेतलेली पुण्याची कंपनी साफसफाईच्या कामातून वर आलेली, म्हणजे झाडूपासून ऑक्सिजनपर्यंत. गाडीतले डॉक्टर बहुतेक आयुर्वेदाचे नाहीतर होमिओपॅथीचे. नाडीपरीक्षा शिकून आलेल्या बोटांनी ते आता ऑक्सिमीटर लावतात. आमच्याकडचे म्हातारे त्यांना बरोबर ओळखतात. छातीत कळ येऊन स्ट्रेचरवर पडलेला एक आजोबा, तोंडाला मास्क, गाडी सुसाट, आणि मास्क बाजूला करून विचारतो काय, “डॉक्टर, पथ्य काय सांगताव?”

पायलटची कथा तर आणखी जुनी. आमच्या ओळखीतला जो पायलट आहे, तो आधी काळीपिवळी चालवायचा. ज्यांनी काळीपिवळीत प्रवास केला नाही त्यांना सांगतो: नऊ जणांच्या जीपमध्ये सतरा जण बसतात आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर बसून गाडी चालवतो. या विद्यापीठातून बाहेर पडलेला माणूस अ‍ॅम्ब्युलन्सवर आला. पहिले काही महिने म्हणे फाटा आला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. सायरन चालू, मागं पेशंट, आणि हा काचेतून रस्त्याकडेच्या माणसांकडं आशेनं बघायचा. एका म्हातारीनं तर हात करून विचारलंही, “जवळ्याला चालली का?”

पण त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. कुठल्या आखाड्यावर कुणाचं घर, कुठल्या वळणावर नाल्याचा पूल खचलाय, कुठली पांदी पावसात बंद, सगळं त्याच्या पायांत आहे, कारण प्रत्येकाला त्यानं कधी ना कधी दारात सोडलंय आणि निम्म्यांकडं त्याचे पैसे राहिलेत. गाडीत पेशंटबरोबर एक-दोन नातेवाइकांनीच बसायचं असतं. आमच्याकडं पेशंट एक आणि निघालेले अकरा. त्यात एक जावई, त्याला नाही म्हणायची कुणाची टाप? नवा ड्रायव्हर असता तर तिथंच अर्धा तास गेला असता. हा खाली उतरतो, एकवार सगळ्यांकडं बघतो आणि काळीपिवळीच्या आवाजात म्हणतो, “आई मागं, भाऊ पुढं, बाकीचे वसमतला एसटीनं.” आणि माणसं ऐकतात. इतकी वर्षं कुणी कुठं बसायचं हे त्यानंच ठरवलंय.

या पायलटला माणूस सापडतो, पण त्याच्याआधी फोन लागतो पुण्याला. तिथली मुलगी हेडफोन लावून अत्यंत सभ्य आवाजात विचारते आणि आमचा माणूस उत्तर देतो. असा एक फोन मी शेजारी उभा राहून ऐकला.

“नमस्कार, काय इमर्जन्सी आहे?”

“गाडी पाठवा.”

“कुठे पाठवायची, सर?”

“इथं.”

“इथे म्हणजे?”

“इथंच की. मारोतीच्या मागं.”

“गावाचं नाव सांगा.”

“हट्टा.”

“तालुका?”

“वसमत.”

“जिल्हा?”

“परभणी.” मग मागून कुणीतरी कोपरानं ढोसलं. “हां, हिंगोली, हिंगोली.”

हे होतच. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला वेगळा झाला, पण चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या जिभेला अजून परभणीच सोपी जाते. घाईत तर हमखास. फोन चालू होता.

“पेशंट शुद्धीवर आहेत का?”

“हायेत.”

“बोलू शकतात का?”

“तेच तर बोलायलेत ना बाई तुमच्याशी मघापासून!”

ती मुलगी हसली नाही. शिकवलेली असणार.

धंदा बदलून या कामात येण्याची रीत काही आपलीच नाही. अमेरिकेत 1960 च्या दशकापर्यंत गावोगावच्या अ‍ॅम्ब्युलन्स चालवायची ती अंत्यसंस्काराची दुकानं, कारण आडवा माणूस मावेल अशी लांब गाडी त्यांच्याकडंच असायची. गाडी एक, ड्रायव्हर एक, धंदे दोन. दवाखान्याकडं वळायचं की दुकानाकडं, एवढाच प्रश्न. आणि दुकानाकडं वळण्यात मालकाचा फायदा जास्त. हिशेबी माणसाला याहून सोयीची व्यवस्था सापडणार नाही. मग पिट्सबर्गमध्ये 1967 साली डॉ. पीटर सफार यांनी वेगळंच केलं. ‘फ्रीडम हाउस’ नावाच्या संस्थेनं काळ्या वस्तीतली बेकार माणसं गोळा केली, कुणी शाळाही पुरी न केलेली, कुणी लष्करातून परतलेला, आणि सफार यांनी त्यांना तीनशे तासांचं शिक्षण देऊन गाड्यांवर बसवलं. ज्यांना शहर कुठलंच काम द्यायला तयार नव्हतं, त्यांनी रस्त्यावर माणूस जगवायची अशी पद्धत घालून दिली की पुढं साऱ्या देशानं ती उचलली. 1975 मध्ये नगरपालिकेनं स्वतःची सेवा सुरू केली आणि यांची बंद पाडली. ही शेवटची गोष्ट आमच्याकडं कुणालाही समजावून सांगावी लागत नाही.

आपल्या देशातही आहेत. बंगालच्या जलपाईगुडी भागातले करीमुल हक चहाच्या मळ्यात मजूर होते. 1995 मध्ये वाहन न मिळाल्यानं आई गेली. पुढं त्यांनी मोटारसायकलवरच पेशंट न्यायला सुरुवात केली आणि 2017 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही हकिगत मी टेलरला सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “पेशंटला पाठीशी बांधायला पट्टा कशाचा वापरत असतील?”

खरी लढाई असते ती गर्दीशी. आमच्याकडं माणूस पडला की त्याच्याभोवती दोन मिनिटांत वैद्यकीय महाविद्यालय भरतं. एक जण पाणी आणतो. फिट आलेली असेल तर एक जण चप्पल काढतो, दुसरा कांदा फोडतो. साप चावलेला असेल तर हिरवी मिरची चारून बघतात. तिखट लागली तर साप बिनविषारी. मग मारोतीचा पार. विंचवाचं तर विचारू नका. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन लागू पडतं हे सगळ्या जगाला दाखवून दिलं डॉ. हिंमतराव बावस्करांनी, आणि ते मूळचे आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. पण ते महाडला बसले. मांत्रिक गावातच बसला.

या गर्दीला हटवायला ना पोलीस कामाला येतो ना डॉक्टर. कामाला येतो टेलरचा आवाज. तीस वर्षं दिवाळीच्या आदल्या रात्री दुकानात कोंबलेल्या चाळीस गिऱ्हाइकांना त्यानं “मागं सरका, प्रत्येकाचं होईल” म्हणून थोपवलंय. तेच वाक्य तो अपघातातही म्हणतो. माणसं सवयीनं मागं सरकतात. एकानं तर विचारलं, “सोमवारपर्यंत मिळंल का?”

आणि कुणी हात लावायला तयार नसतो त्याचं कारण जुनंच: लफडं नको. खरं तर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणि 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला पुरतं संरक्षण दिलंय. त्याच्यावर खटला नाही, त्याला दवाखान्यात अडकवता येत नाही, इतकंच काय, नाव सांगायचीही सक्ती नाही. ही शेवटची सवलत मात्र हट्ट्यात कुचकामी आहे. इथं तुम्ही जखमीला हात लावायच्या आत गर्दीतला म्हातारा ओरडतो, “ते अमक्याचं मधलं हाय का?” आणि तुमच्या आजोबांची बैलजोडी कुठल्या साली कशी मेली तिथपर्यंत माहिती जाहीर होते.

बक्षीस मात्र गावाला पटकन कळलं. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार आधी पाच हजार द्यायचं, 2025 मध्ये ते पंचवीस हजार केलं. त्या दिवशी पारावर नुसता हिशेब. पंचवीस हजारात किती क्विंटल सोयाबीन, इथून सुरुवात झाली. एकानं विचारलं, दोघांनी मिळून उचलला तर? दुसऱ्याचं म्हणणं, पेशंटनंही अर्धे मागितले तर? टेलरची बायको पहिल्यांदाच त्याच्या नव्या धंद्याबद्दल सविस्तर विचारपूस करू लागली. तिनं त्याला गुडघ्याला लावायला तेलही आणून दिलं.

त्यातूनच दुकानाच्या पाटीचा विषय निघाला. आता लोकांना कळायला पाहिजे, असं बायकोचं मत. पेंटरला बोलावलं. तो म्हणाला, अक्षरावर दर आहे, जोडाक्षर असलं तर जास्ती. ‘मृत्युंजय’ बघून त्यानं आणखी वाढवून सांगितला, वर अनुस्वाराचे वेगळे. ‘आपत्कालीन’ म्हटल्यावर तर तो शिडीवरून उतरूनच आला. ‘प्रथमोपचार’ला रफारही नाही आणि रकारही पायात, म्हणून थोडी सूट द्यायला तयार झाला, पण बायकोला ते पटेना, दवाखाना समजून लोक सर्दी-खोकल्याला येऊन बसतील. टेलरनं टेप काढून पत्र्यावरची मोकळी जागा मोजली. तेरा इंच. तेवढ्यात बसेल, स्वस्तात होईल आणि वाचणाऱ्याला कळेल असं काहीतरी मला मास्तर म्हणून सुचवायला सांगितलं. मी तीन-चार मसुदे दिले. टेलरनं ते सगळे बाजूला सारले आणि स्वतःच पेंटरला सांगितलं. आता झिरो फाट्याकडून हट्ट्यात शिरलात की डाव्या हाताला पाटी दिसेल: ‘जेंट्स टेलर. पडल्यास पण भेटा.’